कुड लिंपणार कोण?

सरकारी भाषेत घराच्या दोनच जाती आहेत: कच्चे आणि पक्के. २०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय जनगणनेत ज्या कुटुंबाच्या घराच्या भिंतीही कच्च्या आणि छप्परही कच्चे निघाले, ते पुढे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत गेले. सफाळ्याच्या पूर्वेला, तांदुळवाडीच्या डोंगराकडे सरकत गेलेल्या पाड्यांवरचे कुडाचे घर या हिशेबात कच्चे. त्याच्या जागी जे उभे राहायचे ते पक्के. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची व्याख्याही दिलेली आहे. वापराने आणि ऊनपावसाने होणारी नेहमीची झीज सोसून, रास्त देखभाल केली तर, जे किमान ३० वर्षे टिकते ते पक्के घर. व्याख्या वाचणाऱ्याचे लक्ष ३० या आकड्यावर जाते आणि ‘रास्त देखभाल केली तर’ हे शब्द नजरेतून निसटतात. ही देखभाल कोणी करायची, कशाने करायची, ती करण्याचे ज्ञान कोणाच्या हातात आहे, याबद्दल व्याख्या काही बोलत नाही. पालघरच्या आदिवासी पाड्यांवरच्या घरांचा प्रश्न या तीन-चार शब्दांत अडकलेला आहे. वास्तुविद्येच्या शिक्षणात विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी बांधावे की नाही, हा वरवर अगदी वेगळा वाटणारा वादही तिथेच येऊन थांबतो.

आधी कुडाचे घर नीट पाहू. वर बेचके असलेल्या लाकडी मेढी जमिनीत रोवायच्या, त्यांवर आढे ठेवायचे, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडायचे. छपराला पेंढा किंवा पाने, आणि ऐपत असेल तिथे कौले. घराचा सगळा भार या लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत कशालाच पेलत नाही. ती म्हणजे कुड: कारवीच्या सरळ काड्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, बांबूच्या आडव्या चिपांनी बांधायच्या आणि आतूनबाहेरून माती, शेण, भाताचे तूस यांनी लिंपायच्या. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर वाढते, साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मरते. मग वाळलेल्या काड्या कुडाला कामी येतात. पुष्कळदा भिंतीचा वरचा भाग लिंपत नाहीत, म्हणजे चुलीचा धूर निघून जातो आणि वारा खेळता राहतो. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि एप्रिल-मे महिन्यांत घामाने भिजवणाऱ्या या पट्ट्यात अशी श्वास घेणारी भिंत म्हणजे गरिबाची नाइलाजाची तडजोड नव्हे, तिच्यामागे विचार आहे. पावसाच्या माऱ्याने लिंपण झडते, हे खरे. ते झडणार हे गृहीत धरूनच घर बांधलेले असते. पावसाआधी शाकारणी करायची, पाऊस सरला की कुड पुन्हा लिंपायचा, सारवायचे, गेरूचा हात फिरवायचा. लग्नात त्याच भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिला जातो. (जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणली आणि वारली कलेचे जगभर कौतुक झाले. ती ज्या भिंतीवर जन्मली ती भिंत मात्र सरकारदरबारी कच्चीच राहिली.) या घराचे आयुष्य मोजायचे तर एका भिंतीच्या वयाने मोजून चालत नाही. काड्या बदलतात, लिंपण बदलते, एखादी मेढ वाळवीने खाल्ली तर तीही बदलते. घर चालू राहते. आणि हे सगळे करायला लागणारे कौशल्य घरातल्याच बायकापुरुषांच्या हातात असते.

देखभालीला एवढे महत्त्व कशासाठी, याचे उत्तर फार दूरवरून, ऑस्ट्रेलियातून मिळते. १९८५मध्ये तिथल्या मध्यभागातल्या वाळवंटी मुलखात, पिट्जंट्जाटजारा या मूळनिवासी लोकांच्या आरोग्यसेवेचे प्रमुख यामी लेस्टर यांनी एक डॉक्टर, एक पर्यावरण-आरोग्याचा जाणकार आणि एक वास्तुरचनाकार अशा तिघांना बोलावून घेतले. लोक औषधे घेतात, बरे होतात आणि घरी जाऊन पुन्हा आजारी पडतात, तर हे आजारी पडणेच थांबवा, असे त्यांचे सांगणे होते. यातले वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस. पुढे २०१६मध्ये निधन होईपर्यंत ते हेच काम करत राहिले आणि शिकवत राहिले. त्यांची पद्धत साधी होती. कागदी पाहणी करायची नाही. घरात शिरायचे, नळ सोडून पाहायचा, विजेचे बटण दाबून पाहायचे, आणि जे त्याच दिवशी दुरुस्त होईल ते त्याच दिवशी दुरुस्त करायचे. या पथकांतले बहुसंख्य लोक स्थानिक मूळनिवासीच असत. हजारो घरांच्या अशा तपासणीत चालू स्थितीतले न्हाणीघर निघाले ३५ टक्के घरांत, चालू संडास ५८ टक्के घरांत. सर्वसामान्य ऑस्ट्रेलियन माणसाचा समज असा की, ‘या लोकांना चांगली घरे दिली तरी ते मोडून टाकतात.’ फोलेरोस यांच्या नोंदींनी तो समज धुळीला मिळवला. बिघाडांपैकी राहणाऱ्यांच्या चुकीच्या वापरामुळे झालेले ९ टक्के, मुळातल्या सदोष बांधकामामुळे २१ टक्के आणि उरलेले ७० टक्के निव्वळ नेहमीची देखभाल न झाल्यामुळे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य खात्याने ज्या वस्त्यांत ही दुरुस्ती झाली तिथल्या नोंदी तपासल्या, तेव्हा घराच्या अवस्थेशी निगडित आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

ऑस्ट्रेलियाचे वाळवंट आणि पालघरचा डोंगर यांत साम्य शोधायला गेले तर फारसे सापडणार नाही. पण त्या ७० टक्क्यांमागचे कारण इथेही लागू पडते. देखभाल न होण्यामागे आळस नसतो. घर अशा वस्तूंचे बनलेले असते की त्यांची दुरुस्ती राहणाऱ्याच्या हातात नसते. आपल्याकडच्या घरकुलाचे तसेच आहे. किमान २५ चौरस मीटरचे घर, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, हप्त्याहप्त्याने आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो दाखवून. त्याशिवाय रोजगार हमीतून नव्वदेक दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. कंत्राटदार नको, लाभार्थ्यानेच घर बांधावे, असा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. पण विटा-सिमेंटचे काम घरच्यांना येत नसले की ते गवंड्याला अंगावर दिले जाते, आणि मालक आपल्याच घराचा बघ्या होतो. रेती, खडी, सळई पाड्यापर्यंत चढवण्यात रकमेचा लचका तुटतो तो वेगळाच. पुढे भिंतीला चीर गेली, पत्र्याच्या खिळ्याभोवती गळू लागले किंवा स्लॅबच्या पोटातली सळई गंजली, तर करायचे काय, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. पक्क्या घराला लागून पुन्हा कुडाची पडवी उभी राहते, चूल तिथे जाते, उन्हाळ्यातली झोपही तिथेच. लोकांना पक्के घर वापरता येत नाही, असा याचा अर्थ काढणारे अधिकारी भेटतात. वस्तुतः त्या कुटुंबाने घरकुलाच्या नकाशाची दुरुस्तीच केलेली असते, फक्त तिची नोंद कुठे होत नाही. यातला एक उपरोध नजरेआड करता येत नाही. पालघर जिल्ह्यातली पुष्कळ वारली आणि कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. विटा पाडणारे हात त्यांचे. त्या विटांच्या घराची दुरुस्ती मात्र त्यांना परकी.

आता वास्तुविद्येच्या शाळेकडे वळू. आपल्याकडचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्यातली बहुतेक वर्षे कागदावर, अलीकडे पडद्यावर जातात. ‘ग्रामीण गृहनिर्माण’ हा विषय असतो. विद्यार्थी बसने एखाद्या गावात जातात, घरे मोजतात, सुरेख आराखडे काढतात, प्रदर्शन भरते. या मोजणीला मी कमी लेखत नाही. कितीतरी जुनी घरे आज फक्त अशा आराखड्यांतच उरली आहेत. पण मोजताना एक गोष्ट टेपमध्ये येत नाही: ती भिंत कधी लिंपली होती, कोणी लिंपली आणि पुढच्या वर्षी कोण लिंपणार. काळ आराखड्यात उमटत नाही. तो हाताला कळतो. मातीत तूस कमी पडले की वाळताना भेगा पडतात, जास्त झाले की लिंपण सुटते. कारवीच्या काडीचे टोक थेट ओल्या जमिनीत गेले की ती खालून कुजते, म्हणून जोते उचलावे लागते आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडेल इतके छप्पर बाहेर काढावे लागते. हे पुस्तकातही लिहिलेले असते. मात्र स्वतः लिंपलेली भिंत एका पावसात सोलून निघालेली पाहिलेल्या विद्यार्थ्याला छप्पर किती बाहेर काढायचे हे पुन्हा सांगावे लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिकवणारा कोण, याची अदलाबदल होते. कुडाच्या भिंतीपुढे चौथ्या वर्षाचा विद्यार्थी नवशिका असतो आणि ज्या बाईने वीस पावसाळे ती भिंत सांभाळली ती गुरू. ही अदलाबदल अनुभवलेला वास्तुरचनाकार पुढे सरकारी बैठकीत घरकुलाचा नमुना ठरवायला बसला, तर निदान एक प्रश्न विचारील: हे मोडल्यावर कोण नीट करणार?

याच जिल्ह्यात असा प्रयत्न चालू आहे. मुरबाड गावात (ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका वेगळा) प्रतीक धानमेर, शार्दूल पाटील आणि त्यांचे सहकारी ‘डिझाइन जत्रा’ या नावाने काम करतात. मुंबईत वास्तुविद्या शिकून गावात कचेरी थाटणे हा आपल्याकडे उलटा प्रवास. माती, बांबू, कारवी, स्थानिक लाकूड आणि स्थानिक कारागीर यांना धरून ते बांधतात आणि विद्यार्थ्यांना त्यात हात घालायला लावतात. कारागिराला मजूर न मानता जाणकार मानायचे, हा या कामाचा मुख्य धडा. अमेरिकेत अलाबामाच्या हेल काउंटीत सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी ऑबर्न विद्यापीठाचा ‘रूरल स्टुडिओ’ १९९३मध्ये सुरू केला; तिथेही विद्यार्थी गरीब कुटुंबांसाठी स्वतः घरे बांधतात. त्याची कीर्ती मॉकबींच्या कल्पक, काहीशा नाट्यमय रचनांमुळे झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती स्टुडिओची चिकाटी: तीन दशकांहून अधिक काळ एकाच मुलखात राहणे. ज्याला आपण बांधलेल्या घरासमोरून रोज जावे लागते, त्याला त्याची गळती विसरता येत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पाड्यावरूनच येतो. आम्हाला पक्के घर हवे आहे, शहरातली माणसे स्वतः सिमेंटच्या इमारतीत राहतात आणि आम्हाला शेणामातीचे गोडवे सांगतात, असे तिथला तरुण म्हणतो. तो बरोबर आहे. दरवर्षी लिंपण करण्याची मेहनत मुख्यतः बायकांच्या वाट्याला येते. गवताच्या छपराला आगीची भीती, कुडाला वाळवीची, सापाविंचवाची. शिवाय पक्के घर म्हणजे मान. ज्यांच्या वाडवडिलांनी सावकार-जमीनदारांची वेठ उपसली आणि १९४५च्या उठावात ती झुगारली, त्यांच्यासाठी हा मान किरकोळ नाही. इजिप्तमध्ये हसन फतही या थोर वास्तुरचनाकाराने १९४०च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांचे, घुमटांचे, डोळे निववणारे बांधले. ज्यांच्यासाठी बांधले ते लोक तिथे जायला तयार झाले नाहीत. त्यांना आपली जुनी वस्ती आणि तिथला उदरनिर्वाह सोडायचा नव्हता, आणि घुमट तर त्यांना थडग्यांवरच शोभणारे वाटत. तेव्हा माती की सिमेंट हा माझा वादच नाही. सिमेंटचे जोते, विटांचे कंबरेएवढे बांधकाम, वर कुड किंवा बांबूची भिंत, डोक्यावर कौले, असे मिश्र घरही उत्तम होईल. पूर्ण विटांचेही होईल. अट एवढीच, की चीर भरणे, पत्रा बदलणे, संडासाचा खड्डा उपसणे ही कामे घरातल्या किंवा शेजारच्या पाड्यातल्या कोणाला तरी यायला हवीत. दुरुस्ती येणे हाही पक्केपणाचाच भाग आहे.

कारवी आता मिळते कुठे, हा दुसरा आक्षेप. जंगल आटले, वनखात्याचा पहारा आहे, हे खरे. पण २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि झुडपी लाकूड यांसारख्या गौण वनोपजांवर वननिवासींचा हक्क मान्य केला आहे आणि भारतीय वन कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. बांधावर बांबू लावणे हा घरबांधणीचाच पहिला टप्पा धरता येतो. त्यावर अधिक वेळ घालवायला नको.

मजबुतीचा मुद्दा मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण पालघरला त्याची परीक्षा अलीकडेच द्यावी लागली. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले आणि कित्येक कुटुंबांनी थंडीत तंबूत, उघड्यावर रात्री काढल्या. भूकंपात घातक ठरते ते वजन आणि सुटलेले सांधे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत हजारो माणसे गेली ती दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि मातीने लादलेले माळवद अंगावर आल्यामुळे. कुडाची भिंत हलकी; पडली तरी सहसा जीव घेत नाही, आणि बांधलेला लाकडी सांगाडा हादऱ्याबरोबर वाकतो. उलट अंगावर दिलेल्या कामात पट्टी न घालता, कोपरे न सांधता रचलेली विटांची भिंत पक्की म्हणवते आणि पहिल्यांदा तीच फुटते. म्हणजे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ या शब्दांचा भूकंपाशी काही संबंध नाही. पट्टी कुठे घालायची आणि सांधा कसा बांधायचा, हे गवंड्याला आणि घरमालकाला कळते का, एवढाच संबंध आहे.

किल्लारीने आणखी एका आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले आहे. विद्यार्थी बांधणार ते एखादे-दुसरे घर, आणि गरज लाखांची. मग हा सगळा हौशी खेळ नाही का? भूकंपानंतर सर्वाधिक उद्ध्वस्त गावे सरकारने आणि दात्यांनी नव्या जागी बांधून दिली, ती गाजली. त्याच पुनर्वसनाचा दुसरा, कमी गाजलेला भाग मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या तडे गेलेल्या घरांचा होता. तिथे पैसे आणि साहित्य थेट घरमालकाच्या हाती दिले, अभियंत्याने तंत्र दाखवले आणि गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून मध्ये उभ्या राहिल्या. या वाटेने जवळजवळ दोन लाख घरे दुरुस्त किंवा मजबूत झाली. तेव्हा शिकवून बांधणे हे लहान प्रमाणावरच शक्य असते, असे महाराष्ट्राला तरी म्हणता येणार नाही. आवास योजनेतही ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे: एका लाभार्थ्याचे खरे घर ४५ दिवसांत बांधत बांधत शिकायचे. केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाचा संग्रहही काढला, त्यात राज्याराज्यांच्या हवामानाला आणि साहित्याला जुळणारे शंभराहून अधिक घरांचे नमुने आहेत. म्हणजे पुस्तक आहे, हाताचे प्रशिक्षण आहे, पैसेही आहेत. नमुना पाड्यावर नेऊन तिथल्या कुटुंबाशी बसून बदलणारा आणि गवंड्याबरोबर तो उभा करणारा माणूस तेवढा कमी आहे. तो माणूस वास्तुविद्येच्या शाळा तयार करू शकतात, आणि त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने घर बांधून दान करण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरींसारख्या अतिअसुरक्षित जमातींना घरामागे २ लाख रुपये ठरले आहेत. हा वाढीव पैसाही नुसत्या विटांत जिरायचा की कौशल्यात, याचा निर्णय असाच माणूस करील.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत टोचणारा वाटतो: गरिबाच्या घरावर विद्यार्थ्यांनी हात साफ करायचा का? भिंत चुकली तर त्यांना गुण कमी मिळतील, पाड्यातल्या कुटुंबाला मात्र पावसाळा काढावा लागेल. पंधरा दिवसांची कार्यशाळा, फोटो, मातीने माखलेले हसरे चेहरे, आणि पुढच्या वर्षी दुसराच पाडा. अशा प्रकाराला हा आक्षेप पुरेपूर लागू आहे. त्यातून सुटायचे तर महाविद्यालयाने एक पाडा धरावा आणि वर्षानुवर्षे सोडू नये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने नवे काही बांधूच नये. आधी जुने दुरुस्त करावे, फोलेरोस यांच्या पथकांसारखे, त्याच दिवशी. गुण बांधणीला कमी आणि दुसऱ्या पावसानंतरच्या तपासणीला जास्त द्यावेत. ज्या तुकडीने भिंत उभी केली तिच्या मागच्या तुकडीने ती लिंपावी, आणि लिंपण कसे असावे हे घरच्या बाईने सांगावे, त्याचे तिला मानधन मिळावे.

हे अशक्य नाही, पण वेळापत्रकातच अडते. सफाळे हे विरारच्या पुढचे दुसरे स्थानक. २०१३पासून डहाणू लोकल धावते, म्हणजे मुंबईतल्या विद्यार्थ्याला अंतराची सबब उरलेली नाही. शाकारणीचा हंगाम पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यांत येतो. तेव्हा महाविद्यालयांत परीक्षा किंवा सुट्टी असते. कुड लिंपायचा हंगाम पाऊस सरल्यावर, भात घरात येता येता आणि वीटभट्टीच्या मुकादमाचे बोलावणे यायच्या आत. तेव्हा हिवाळी सत्राचे आराखडे सादर करायचे दिवस असतात. भट्टीवर जाणारे कुटुंब घाईघाईने भिंतीवर शेवटचा हात फिरवून दार ओढून घेते, त्या आठवड्यात विद्यार्थी स्टुडिओत ग्रामीण गृहनिर्माणाचे आराखडे रंगवत असतात.